छप्पर दोघांना हवं

  

दर वेळी आपण हप्ता, कर्ज, बँक, माल विक्री यावर बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. ज्या माणसाला घर नाही, त्याच्याजवळ एखादं जनावर असतं. कुत्रं असेल, शेळी असेल, दोन कोंबड्या असतील. अशा माणसाला मदत करायची वेळ आली की आपण म्हणतो, "तू ये, जनावर सोड." आज मला सांगायचं आहे की ही अट चुकीची आहे. ती लावली की मदत पोचतच नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, माणसालाच जागा मिळेना, त्यात कुत्र्याचं कुठं काढलंस? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी माणसाचंच बोलू.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर माणसं मोजली गेली. त्यातली दोन लाखांवर आपल्या महाराष्ट्रात होती. बेघर म्हणजे कोण? फुटपाथवर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर, बसस्थानकात, रेल्वे स्टेशनवर झोपणारी माणसं. त्यातली पुष्कळ आपल्याच खेड्यांतून गेलेली असतात. कुणाचं शेत गेलं, कुणाचा नवरा गेला, कुणाला लेकांनी विचारलं नाही, कुणी घाटी दवाखान्यात पेशंट घेऊन आलं आणि परत जायला घरच उरलं नाही.

यांच्यासाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघर निवाऱ्याची योजना आली. नियम असा होता की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक कायमचा निवारा हवा, आणि तो चोवीस तास, बाराही महिने उघडा हवा. छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या २०११ लाच पावणेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे अकरा-बारा निवारे लागतात, हे बोटावर मोजूनही कळतं. पाणी, संडास, दिवे, सामान ठेवायला जागा, रेशनकार्ड आणि आधार काढून देण्याची मदत, हे सगळं त्या निवाऱ्यात धरलेलं होतं. सोबत आलेल्या जनावराची सोय मात्र सहसा कुठे दिसत नाही.

थंडीच्या दिवसांत रात्री फिरून बेघर माणसांना निवाऱ्यात आणायचं काम चालतं. शहरातल्या वस्तीगटाच्या बायकांबरोबर मीही अशा फेरीला गेले आहे. बसस्थानकाजवळ एक आजी पोतं अंथरून बसलेल्या होत्या. शेजारी एक तांबडी कुत्री. आम्ही म्हटलं, "आजी, चला, आत ऊब आहे, चहा आहे." आजींनी विचारलं, "हिला?" सोबतच्या माणसानं सांगितलं, कुत्री आत चालत नाही. आजी म्हणाल्या, "मग तुम्ही जा बापा. तीन वर्षं झाली, रातच्याला कुणी जवळ आलं तर ही भुंकती. तुमी तर आज आलात."

यात हट्ट कुठे आहे, सांगा बरं? उघड्यावर झोपणाऱ्या बाईला कडी नाही, दार नाही, शेजार नाही. तिची कुत्रीच तिची कडी असते. ती सोडून ती एका रात्रीसाठी अनोळखी हॉलमध्ये येईल, आणि उद्या निवारा बंद झाला किंवा तिला बाहेर काढलं, तर रस्त्यावर परत येईल तेव्हा कुत्री तिथं असेल का? तिनं हिशोब बरोबर केला होता. आपण जसा गटात शंभर रुपयांचाही हिशोब करतो, तसाच.

शेवटी दुसऱ्या एका निवाऱ्याच्या मावशींनी मार्ग काढला. मागच्या बाजूला जिन्याखाली मोकळी जागा होती. तिथं पोतं टाकलं, साखळी बांधली, पाण्याचं टमरेल ठेवलं. आजी आत, कुत्री जिन्याखाली. खिडकीतून दोघी एकमेकींना दिसत होत्या. यासाठी ना नवा आदेश लागला ना निधी. आत राहणाऱ्या बाकीच्या बायकांना विचारून घेतलं होतं, एवढंच.

विचारणं महत्त्वाचं आहे. निवाऱ्यात कुणाला कुत्र्याची भीती असते, कुणाला दमा असतो, कुणाला घरात कुत्रं चालत नाही. त्यांचंही ऐकायला हवं. म्हणून जनावर आतच हवं असा माझा आग्रह नाही. एकाच आवारात, मालकिणीच्या नजरेपुढे, एवढं पुरतं.

आता हे काही शहरातलं नवं खूळ नाही, हे तुम्हाला पटावं म्हणून आपलीच एक गोष्ट आठवते. दुष्काळातल्या चारा छावण्या आठवतात ना? २०१२-१३ चा दुष्काळ, नंतर २०१८-१९ चा. बीड, अहमदनगर, धाराशिव, आणि आपल्याकडेही माणसं गुरं घेऊन छावणीत गेली. महिनोन्‌महिने घरदार सोडून बायका तिथं पालाखाली राहिल्या, तिथंच भाकरी केली, लेकरं तिथंच झोपवली. २०१९ मध्ये सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये आणि लहान जनावरामागे ४५ रुपये देत होतं. पुढे ते १०० आणि ५० केले. म्हणजे माणूस आणि जनावर सोबत ठेवून सांभाळता येतात, त्यासाठी जागा, चारा, पाणी, हजेरी, पैसा यांची घडी बसवता येते, हे आपल्या मराठवाड्यानं करून दाखवलेलं आहे. गाईगुरांसाठी ते झालं, कारण त्यांची किंमत सगळ्यांना दिसते. बसस्थानकातल्या आजीच्या कुत्रीची किंमत बाजारात शून्य आहे. आजीला मात्र ती बैलजोडीइतकीच मोलाची आहे.

जगातही हा धडा लोक ठेच लागून शिकले. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना नावाचं मोठं वादळ आलं. सुटका करणाऱ्या गाड्या आणि बोटी आल्या, पण जनावरं घेत नव्हत्या. कितीतरी माणसं जनावरापायी घर सोडायला तयार झाली नाहीत. त्यानंतर २००६ मध्ये तिथं कायदाच झाला की संकटकाळाच्या आराखड्यात पाळीव जनावरांचाही विचार करायचा. लंडनमध्ये २०१६ पासून काही पशुवैद्य पाठीला पिशवी लावून रस्त्यावर फिरतात आणि बेघर माणसांच्या कुत्र्यांना फुकट तपासतात. माणूस रस्त्यावर आहे म्हणून त्याचं कुत्रं काढून घ्यायचं, हा विचार त्यांनी केला नाही. दोघांना सोबत ठेवूनच मदत करायची, असं ठरवलं.

आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा म्हशी सोडून बोटीत बसायला माणसं तयार नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदाकाठच्या गावांतली माणसं हलवावी लागली, कितीतरी जनावरं दगावली. दावणीला बांधलेलं जनावर पाण्यात बुडतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पुरामुळे चार दिवसांसाठी बेघर झालेली बाई आणि चार वर्षांपासून बेघर असलेली बाई, दोघींचा प्रश्न एकच असतो: मी येते, पण याचं काय?

आता बायकांच्या मनातलं एक बोलते. आपल्या गटांत मारहाणीची प्रकरणं येतात. आपण म्हणतो, निघ तिथून, सखी वन स्टॉप सेंटरला जा, १८१ वर फोन कर. बाई "उद्या जाते" म्हणते आणि जात नाही. का? लेकरांचं कारण आपल्याला माहीत असतं. पण खोदून विचारलं तर कधी कधी दुसरंही कारण निघतं. तिच्या चार शेळ्या असतात. गटाच्या कर्जातून घेतलेल्या. घरात तिच्या नावाचं तेवढंच असतं. ती गेली की दुसऱ्या दिवशी नवरा शेळ्या बाजारात नेणार, आणि हप्ता मात्र तिच्या डोक्यावर राहणार. शेळ्या घेऊन कुठल्या निवाऱ्यात जाता येतं? म्हणून ती मार खात राहते.

इथं गट काय करू शकतो ते सांगते.

पहिली गोष्ट, शेळीच्या, गाईच्या कानात जो पिवळा बिल्ला मारतात, त्यावर १२ अंकी नंबर असतो. त्या नंबरापुढे मालकाचं नाव सरकारी नोंदीत चढतं. बिल्ला मारायला माणूस आला की आपण नवऱ्याचं नाव सांगून मोकळ्या होतो. तसं करू नका. गटाच्या कर्जातून शेळी घेतली असेल तर नाव बाईचं लावा, मोबाईल नंबर बाईचा द्या. उद्या वाद झाला तर तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट, घर सोडायची वेळ आली तर शेळ्या गटातल्याच दुसऱ्या सदस्येकडे, किंवा शेजारच्या गावच्या गटाकडे सांभाळायला ठेवता येतात. पण तोंडी नको. गटाच्या वहीत लिहा: किती शेळ्या, रंग कोणता, बिल्ला नंबर काय, कोणत्या तारखेला ठेवल्या, चाऱ्याचा खर्च कोण देणार, करडं झाली तर कुणाची. दोघींच्या सह्या, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. ठेवलेली शेळी ही ठेवलेल्या पैशासारखी असते, हिशोब चोख हवा.

तिसरी गोष्ट, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालय बाईला तिचं स्त्रीधन आणि तिच्या हक्काची मालमत्ता परत द्यायचा आदेश देऊ शकतं. अर्ज करताना दागिने, भांडी लिहिली जातात आणि शेळ्या राहून जातात. संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलात तर शेळ्यांची यादी बिल्ला नंबरासह सोबत न्या.

आता कुत्र्याकडे येऊ. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची मोकाट कुत्री उचलायची, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवायची, आणि परत त्याच जागी सोडायची नाहीत. कुत्री चावून लेकरं दगावतात, त्या काळजीतून तो आदेश आला आहे आणि ती काळजी खरी आहे. पण बेघर माणसं झोपतात कुठे? बरोबर याच जागी. दवाखान्याच्या आवारात, बसस्थानकात, स्टेशनवर. आजीची कुत्री मोकाट नाही, तिला मालकीण आहे. पण पकडायला आलेल्या माणसाला हे कळणार कसं? गळ्यात पट्टा नाही, कागद नाही, आणि मालकिणीलाच पत्ता नाही.

म्हणून ज्यांच्या ओळखीत असं कुणी आहे, शहरात राहणारी नणंद-भावजय असेल, वस्तीगटातली मैत्रीण असेल, त्यांनी चार कामं करून द्यावीत. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालावा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्यावी आणि त्याचं कार्ड मागून घ्यावं. मालकाचा आणि कुत्र्याचा एकत्र फोटो काढावा. आणि महापालिकेत पाळीव कुत्र्याची नोंद करायची असते ती निवाऱ्याच्या किंवा गटाच्या पत्त्यावर होते का, हे विचारावं. माणसाचं आधारकार्ड निवाऱ्याच्या पत्त्यावर काढून देतात, तर कुत्र्याच्या नोंदीसाठीही विचारायला काय हरकत आहे? २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला ठिकठिकाणी मोफत लसीकरण असतं, ती संधी सोडू नका.

लसीचं मी जोर देऊन सांगते, कारण जनावर सोबत ठेवायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना धोका नको. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस, आणि नंतर दर वर्षी. मादी असेल तर नसबंदी करून घ्यावी, नाहीतर एका कुत्रीची सहा होतात आणि सगळ्यांनाच जागा सोडावी लागते. आणि कुणालाही, कुठलंही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही लावू नका. रेबीज एकदा उलटला की त्यावर उपाय नाही. लस मात्र सरकारी दवाखान्यात मिळते आणि ती पूर्ण घ्यायची असते, पहिलं इंजेक्शन घेऊन घरी बसायचं नसतं.

आपल्या गावातली पशुसखी इथं फार उपयोगाची आहे. उमेद अभियानातून तिला शेळ्या-कोंबड्यांचं शिक्षण मिळालेलं असतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर बैल, शेळी, कुत्रं, कोंबड्या सगळं घेऊन निघतात आणि पाच-सहा महिने कोपीवर राहतात. तीही एक प्रकारची बेघरीच. निघण्याआधी पशुसखीनं त्यांच्या शेळ्यांचं जंतनाशक, लसी, बिल्ले बघून दिले तर वाटेत जनावर मरत नाही. गावात पाल ठोकून राहणारी भटकी कुटुंबंही येतात. गाढव, कुत्री, कोंबड्या त्यांच्यासोबत असतात. त्यांना हुसकून लावण्याआधी एवढं विचारा की पाण्याला कुठे जाता, जनावर आजारी आहे का. १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा मोफत फोन नंबर आहे, तो पालावरच्या माणसालाही लागतो.

एक अडचण नेहमी येते. बेघर माणूस आजारी पडतो, दवाखान्यात भरती व्हायला सांगतात आणि तो नाही म्हणतो. कारण तेच, जनावर कुठे ठेवू? अशा वेळी जनावर कायमचं नको असतं, आठ-दहा दिवसांचा सांभाळ हवा असतो. गटानं पाळी लावली तर हे सहज होतं. चार घरं, दोन-दोन दिवस. फक्त शब्द पाळायचा. माणूस बरा होऊन आला की जनावर त्याचं त्याला परत. "आता तुला कशाला, आमच्याकडंच राहू दे" असं म्हणायचं नाही. तसं एकदा झालं की पुढच्या वेळी कुणीही दवाखान्यात जाणार नाही.

काहीजणी विचारतात, माणसाला दोन घास मिळत नाहीत, त्यानं कुत्रं पाळावंच कशाला? मी उलट विचारते, आपण अडचणीत असताना शेळी विकली, पण कुत्रं हाकललं का? दारातलं कुत्रं आपल्याच ताटातला तुकडा खातं. रस्त्यावरची माणसंही तेच करतात, आधी त्याला टाकतात, मग स्वतः खातात. ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, त्याला सकाळी उठायला एक कारण असतं. ते काढून घेऊन आपण त्याला काय देणार आहोत?

आणि जनावर वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. मग "जनावर सोडून ये" असं सांगणारे आपण त्या माणसाला काय करायला लावतो, याचा विचार करा.

आपली माती याबाबत कोरडी नाही. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही कथा आपण लेकरांना सांगतो. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तेही सांगतो. धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचं नाकारलं, ते कीर्तनात ऐकतो. बसस्थानकातल्या आजीनंही तेच केलं. फरक इतकाच की तिच्यापुढे स्वर्ग नव्हता, एक गोधडी आणि कपभर चहा होता.

तर येत्या बैठकीत, बचत जमा झाल्यावर, दहा मिनिटं काढा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात किंवा आसपास असं कुणी आहे का, ज्याला छप्पर नाही आणि सोबत जनावर आहे? पुराच्या किंवा वादळाच्या वेळी आपण शाळेत जमतो, तेव्हा जनावरं बांधायची उंच जागा कोणती, ते ग्रामपंचायतीनं ठरवलं आहे का? आणि आपल्यातल्या एखादीला उद्या घर सोडावं लागलं, तर तिच्या शेळ्या कोण सांभाळेल? तिसऱ्या प्रश्नाला दोन नावं आजच वहीत लिहून ठेवा. नाव घेतल्याशिवाय उठू नका.

उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा, तिथून प्रभागसंघात जाऊ द्या. शहरातल्या वस्तीगटांना फोन करून सांगा की निवाऱ्याच्या आवारात एक कोपरा, एक साखळी, पाण्याचं एक भांडं ठेवा. मागणं लहान आहे, पण त्या एका कोपऱ्यामुळे एखादी बाई थंडीत आत येईल.

 पुढच्या वेळी परत हिशोबावर बोलू.